अल्झायमरवर काम करायला आलेल्या पोरांना कसं घडवायचं: मराठवाड्यातल्या नव्या गाइडसाठी

पोरगी पहिल्या दिवशी केबिनमधे येते, हातात फाइल, आणि म्हणते मॅडम मला अल्झायमरवर पीएचडी करायचीय, विषय द्या ना. आणि आपण गाइड लोक तिथंच पहिली चूक करतो, लगेच विषय देऊन मोकळे होतो. अमुक वनस्पतीचा अर्क काढ, उंदराला विसरायला लावणारं स्कोपोलामाइन टोच, आठवण तपासायला मॉरिसच्या पाण्याच्या हौदात पोहायला सोड, मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम मोज, झाला सिनॉप्सिस, म्हणजे पीएचडीचा आराखडा, तयार. मी स्वतः पहिल्या तिन्ही विद्यार्थ्यांना हेच दिलं. तिघांची पीएचडी झाली, नोकऱ्याही लागल्या, पण आज तिघांपैकी एकही जण या आजारावर काम करत नाही, आणि मला मनापासून वाटतं की त्याला कारण मी आहे, कारण तो प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता, माझ्या कपाटातून काढून मी त्यांच्या हातात ठेवला होता.

म्हणून हे लिहितेय. संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी, अंबाजोगाई, कुठंही फार्मसी, लाइफ सायन्स, सायकॉलॉजी किंवा मेडिकलला शिकवणारे जे नव्याने गाइड झालेत त्यांच्यासाठी. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे, की आपल्या हाताखालच्या पोराला आपल्या समोर उभं राहून "मॅडम, हे बरोबर वाटत नाही" असं म्हणता आलं पाहिजे. पिपेट धरायला कुणीही शिकवेल. हे एवढं म्हणायला मात्र गाइडच शिकवू शकतो, आणि आपल्याकडं पोरं ज्या घरातनं येतात तिथं मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे बाळकडू असतं, त्यामुळं हे आपोआप होत नाही, त्यासाठी मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात.

आधी माणूस दाखवा

पहिले दोन महिने लॅब बंद. पोराला ओपीडीत पाठवा. संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई या चारही ठिकाणी जुनी सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, आता बाकी जिल्ह्यांतही झालीत. तिथल्या सायकिअ‍ॅट्री किंवा मेडिसिनच्या डॉक्टरांना रीतसर पत्र द्या, परवानगी घ्या, आणि पोराला मागच्या खुर्चीवर गप्प बसायला सांगा. काही मोजायचं नाही, काही विचारायचं नाही. रोज संध्याकाळी अर्धं पान मराठीत लिहायचं, पेशंटचं नाव-गाव न टाकता, आणि त्यात एकही डॉक्टरी शब्द वापरायचा नाही. "सून म्हणाली की आत्या भाजीत दोनदा मीठ टाकतात आणि टाकलंच नाही म्हणून भांडतात." "मुलगा म्हणाला शेताची वाट चुकले, पन्नास वर्षं रोज जायची वाट." असं लिहिलेलं पान वाचलं की कळतं पोराने खरंच ऐकलं की नाही.

याच काळात त्याला हेही दिसतं की विसरणारा प्रत्येक म्हातारा माणूस अल्झायमरचा नसतो. कुणाचं बी-१२ कमी असतं, कुणाचा थायरॉइड बिघडलेला असतो, कुणी नवरा गेल्यापासून उदास असते, आणि कुणाला नुसतं ऐकूच येत नसतं. हे पुस्तकात वाचून डोक्यात राहत नाही. ओपीडीत एखादी आजी बी-१२ चालू झाल्यावर दोन महिन्यांनी परत येऊन नातवांची नावं सांगते ना, ते पोरगं जन्मभर विसरत नाही.

मग हिशेब करायला लावा. २०२३ मधे लासी-डॅड नावाच्या देशपातळीवरच्या अभ्यासाचे आकडे आले, साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं (स्मृती-बुद्धी ढासळत जाण्याचं, अल्झायमर हा त्यातलाच मुख्य प्रकार) प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशात साधारण ८८ लाख माणसं, आणि बायकांमधे जास्त, खेड्यात शहरापेक्षा जास्त. आता पोराला विचारा तुझ्या गावची लोकसंख्या किती? चार हजार. साठीच्या पुढचे चारशे धरू. म्हणजे हिशेबाने तीसएक जण झाले. जा, गावच्या आशाताईंना विचारून ये की हे तीस जण कुठायत. पोरगं परत येतं आणि म्हणतं मॅडम, आशाताईंना दोन नावं आठवली. बाकीचे अठ्ठावीस कुठं गेले? ते घरातच असतात, "साठी बुद्धी नाठी" म्हणून सोडून दिलेले, "म्हातारचळ लागला" म्हणून खोलीत बसवलेले. किंवा आपला आकडाच या गावाला लागू होत नसेल, तेही शक्य आहे, तेही तपासायला हवं. हा दुसरा विचार पोराच्या तोंडून आपणहून आला की समजायचं गाडी रुळावर आहे.

प्रश्न कसा पडतो ते थांबून बघा

माझी एक विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातली, घरचे ऊसतोडीला जाणारे. दीड महिना ओपीडीत बसल्यावर ती एक दिवस म्हणाली, मॅडम आमच्या तांड्यावरच्या निम्म्या बायकांची पिशवी काढलेली आहे, पस्तिशीच्या आतच, त्यांचं म्हातारपणी काय होणार? मी हातातलं काम बाजूला ठेवलं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मधे सगळ्या देशाने वाचलं, त्यावर सरकारी चौकशी समितीही बसली. आणि अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या लोकांनी २००७ मधेच दाखवलं होतं की पाळी जायच्या आधी अंडाशय काढलेल्या बायकांमधे पुढं स्मरणशक्ती बिघडण्याचा आणि डिमेन्शियाचा धोका वाढलेला दिसतो. तिला हा पेपर माहीत नव्हता, तिला तिच्या मावश्या माहीत होत्या. असा प्रश्न मला केबिनमधे बसून दहा जन्मात सुचला नसता.

पण लगेच "छान, हाच विषय" म्हणू नका. तिच्याकडून तिच्याच प्रश्नाची उलटतपासणी करून घ्या. पिशवी काढली म्हणजे अंडाशयही काढले का, की ठेवले? ऑपरेशनचे कागद आहेत का, नसतील तर कशावरून ठरवणार? या बायका आज चाळीस-पन्नाशीच्या, डिमेन्शिया दिसायला अजून वीस वर्षं लागतील, मग तीन-चार वर्षांच्या पीएचडीत मोजणार काय? गरिबी, शाळा नसणं, रक्तक्षय, हे सगळं त्याच बायकांत असतं, ते वेगळं कसं काढणार? आम्ही यावर दोन महिने घालवले. शेवटी प्रश्न खूप छोटा झाला, पण तो तिचा होता, आणि आरआरसीसमोर, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीसमोर, उभी राहिली तेव्हा तिला एकाही प्रश्नाला माझ्या तोंडाकडं बघावं लागलं नाही.

गावात चाचणी घ्यायला शिकवताना

इथं मी जरा जास्त वेळ घालवणारेय, कारण मराठवाड्यात बसून आपण जगाला देऊ शकतो ते इथंच आहे असं माझं मत आहे.

पाश्चात्य चाचण्या शाळा शिकलेल्या माणसासाठी बनल्यात. आज तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, हे वाक्य वाचा आणि तसं करा. आमच्या परभणीकडच्या एका आजीने तारखेला उत्तर दिलं, "पुनव होऊन दोन दिस झाले." बरोबर होतं! तिथीप्रमाणे अगदी बरोबर. आणि फॉर्मवर तिला शून्य मार्क. दुसरी एक मावशी वजाबाकीला म्हणाली "मला न्हाई येत माय, मी साळंत गेले न्हाई," पण पाचशेच्या नोटेतून दूध, साखर आणि चहापत्तीचे पैसे जाऊन किती उरले ते मिनिटात सांगितलं. हरियाणातल्या बल्लभगढला नव्वदच्या दशकात भारत-अमेरिका मिळून जो अभ्यास झाला त्यासाठी म्हणूनच हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन बनवली गेली, त्यात "डोळे मिटा" असं वाचायला लावण्याऐवजी परीक्षक स्वतः करून दाखवतो आणि म्हणतो माझ्याकडं बघा, मी करतो तसं करा. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, पुढं चाचण्यांचा एक संच तयार केला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममधे, मराठी त्या पहिल्या पाचात नव्हती. पोरांना हे सांगा आणि मग सांगा की नुसतं भाषांतर करून चालत नाही, आधी पन्नासेक ठणठणीत म्हाताऱ्या माणसांना विचारून बघायचं, कुठला प्रश्न सगळेच चुकतात ते शोधायचं, कारण सगळेच चुकतात तो प्रश्न आजार मोजत नाही, शाळा मोजतो.

वयाचंही तसंच. आधार कार्डावर १ जानेवारी किंवा १ जून जन्मतारीख असलेला माणूस दिसला की पोराने थांबलं पाहिजे, ती शाळेच्या मास्तरांनी किंवा आधारवाल्याने टाकलेली असते. आम्ही गावात जाताना घटनांची एक यादी नेतो. रझाकारांचा काळ आणि १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिसंग्राम, १९७२ चा दुष्काळ, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, १९९४ चं नामांतर. "दुष्काळात खडी फोडायला जात होते तवा थोरला पोटात होता," असं आजी म्हणाली की थोरला १९७२-७३ चा, लग्नानंतर किती वर्षांनी मूल झालं ते विचारायचं, न्हाण आलं तेव्हा लग्न झालेलं होतं का विचारायचं, की दोन-तीन वर्षांच्या फरकाने वय निघतं. अल्झायमरमधे वयाइतकं वजनदार दुसरं काही नाही, तेच चुकलं तर पुढची सगळी आकडेमोड पाण्यात.

चाचणीआधी कान आणि डोळे. मोतीबिंदू असलेल्या आजोबांना चित्र ओळखायला लावून मार्क कापू नका. आणि ऐकू न येणं हे नुसता अडथळा नाही, स्वतःच धोक्याचं कारण आहे, लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलच्या कमिशनने २०२४ मधे जी १४ टाळता येण्यासारखी कारणं सांगितली त्यात बहिरेपण आहे, दृष्टी जाणं आहे, कमी शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा, प्रदूषण हे सगळं आहे, आणि या चौदा गोष्टी आयुष्यभर सांभाळल्या तर साधारण ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतो किंवा लांबवता येतो असा त्यांचा अंदाज आहे. पोराला म्हणा यातली प्रत्येक गोष्ट तुझ्या गावात काय रूपात दिसते ते लिही.

आता तो किस्सा, ज्याने मला गाइड म्हणून बदललं. डिमेन्शिया ठरवताना फक्त पेशंटची चाचणी पुरत नाही, सोबत राहणाऱ्या माणसाला विचारावं लागतं, रोजचे व्यवहार जमतात का, पूर्वीपेक्षा फरक पडलाय का. आम्ही जानेवारी ते मार्च फील्डवर्क केलं, फॉर्म भरले, आकडे फार छान येत होते, बहुतेक घरातून "काही त्रास नाही" असंच उत्तर. मी खूश, पेपर लिहायला घेतला. एका सकाळी माझी विद्यार्थिनी टेबलासमोर उभी राहिली, हात थरथरत होते तिचे, आणि म्हणाली मॅडम, हे बरोबर वाटत नाही. म्हटलं काय झालं? म्हणाली, दिवाळीनंतर गाव रिकामं होतं, लेक-सुना सगळे ऊसतोडीला कारखान्यावर, पार पाडव्यापर्यंत. आपण ज्यांना विचारलं ते शेजारी होते नाहीतर दहा-बारा वर्षांची नातवंडं. त्यांना काय माहीत आजी आधी कशी होती? मला आधी राग आला, खरंच सांगते, तीन महिन्यांचं काम होतं ते. मग रात्रभर फॉर्म काढून बसले आणि तिचं म्हणणं पूर्ण खरं निघालं. आम्ही त्या तीन महिन्यांचे घरच्यांचे जबाब बाद केले आणि आषाढात परत गेलो, कोयते, म्हणजे ऊसतोडीला गेलेली जोडपी, घरी आल्यावर. तेव्हा सुनांनी जे सांगितलं ते ऐकून कळलं आम्ही काय छापणार होतो.

त्या दिवशी मी तिच्यावर ओरडले असते तर ती परत कधी बोलली नसती, आणि चूक जशीच्या तशी छापली गेली असती. म्हणून सांगते, पोरगं चूक दाखवायला येईल तेव्हा पहिली पाच मिनिटं काही बोलूच नका, नुसतं ऐका आणि म्हणा दाखव बरं.

भाषेची ताकद ओळखा

हैदराबादला २०१३ मधे सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ डिमेन्शिया पेशंटचा अभ्यास छापला, त्यात दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजाराची लक्षणं एक भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि शाळेत न गेलेल्यांतही हा फरक राहिला. आता आपला भाग बघा. निजामाच्या राज्यातलाच तो, दखनी-उर्दू घरोघरी कळणारी, देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उदगीर-उमरग्याकडं कन्नड, तांड्यांवर गोरमाटी. माझ्याकडं एक लमाण समाजातला पोरगा आला होता, गोरमाटी बोलतो हे वर्षभर त्याने सांगितलंच नाही, लाज वाटायची म्हणे. अरे बाबा, तांड्यावरच्या आजीची चाचणी तिच्या भाषेत घेऊ शकणारा माणूस आमच्या अख्ख्या विभागात तूच! तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी विचारते घरी काय बोलता, आणि ते नोंदवहीत लिहून ठेवते.

हाच पेपर उलटा वाचायलाही शिकवा. दवाखान्यापर्यंत आलेल्या लोकांवरचा अभ्यास आहे, जे आलेच नाहीत त्यांचं काय? दोन भाषा बोलणारा माणूस आणखी कशाकशात वेगळा असतो? पेपरचा आदर ठेवून त्याला प्रश्न विचारता येतात हे पोराला आपल्याकडं बघूनच कळतं.

लॅबमधे सगळ्यात जास्त जपायची गोष्ट

ब्राह्मी, शंखपुष्पी, मालकांगोणी, हळद. मराठवाड्यातल्या फार्मसी कॉलेजांत या चार नावांवर किती प्रबंध झाले असतील! मी त्याच्या विरोधात नाही, पण पोराला हे माहीत असलं पाहिजे की स्कोपोलामाइन मेंदूतले मस्करिनिक रिसेप्टर (अ‍ॅसिटिलकोलीन हा निरोप्या रेणू जिथं बसतो त्या जागा) काही तासांपुरते अडवतं, त्याने उंदीर विसरतो आणि औषध उतरलं की पूर्ववत होतो. त्यात अल्झायमरमधे मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाचे थर नाहीत, टाऊ प्रथिनाच्या गुंतवळी नाहीत, पेशी मरत नाहीत. अ‍ॅसिटिलकोलीन वाढवणारी कुठलीही गोष्ट तिथं चांगली दिसणारच, अल्झायमरच्या पेशंटला देतात ते डोनेपेझिल तर दिसतंच. म्हणून प्रबंधाच्या नावात "स्कोपोलामाइनने आणलेल्या विस्मरणावर परिणाम" एवढंच लिहायचं, "अल्झायमरवर उपाय" लिहायचं नाही. वर्तमानपत्रवाले फोन करतात तेव्हा तर अजिबातच म्हणायचं नाही, कारण दुसऱ्या दिवशी कुणाचातरी मुलगा आईची चालू गोळी बंद करून काढा पाजतो.

हळदीचं एक उदाहरण मी प्रत्येक बॅचला करून दाखवते. अमायलॉइडचे तंतू तयार झाले की थायोफ्लेविन-टी नावाचा रंग चमकतो, ४८० नॅनोमीटरच्या आसपास, तंतू कमी तर चमक कमी. विद्यार्थी कर्क्युमिन टाकतो, चमक धाडकन उतरते, आणि तो नाचत येतो की मॅडम तंतू बनणं थांबलं. थांब म्हणते. आता असं कर, आधी तंतू पूर्ण बनू दे आणि मग कर्क्युमिन टाक. टाकल्या टाकल्या चमक उतरते. एका मिनिटात तंतू विरघळले का? नाही, कर्क्युमिन स्वतः त्याच पट्ट्यात प्रकाश शोषतं, रंगाची चमक दाबतं. मग खरं काय ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचं, आपल्याकडं नसेल तर जिथं आहे तिथं नमुना पाठवायचा. हा अर्ध्या तासाचा प्रयोग दहा लेक्चरच्या बरोबरीचा आहे, नक्की करा.

अमायलॉइडचा पेप्टाइड विकत घेताना एका कुपीत विद्यार्थ्याची काही महिन्यांची फेलोशिप जाते, त्यामुळं पहिल्यांदा पोराच्या हातात ती देऊ नका, स्वस्तातल्या प्रथिनावर हात बसू द्या, आणि पेप्टाइड एचएफआयपी या द्रावकात नीट विरघळवून, छोटे भाग करून, मग द्रावक उडवून ठेवायला शिकवा, आधीच गोळा झालेले कण राहिले तर पुढचा प्रत्येक प्रयोग वेगळं उत्तर देतो आणि पोरगं स्वतःलाच दोष देत बसतं.

उंदरांच्या कामात मोजणाऱ्याला कुठल्या पिंजऱ्यात औषध आणि कुठल्यात नुसतं पाणी ते कळता कामा नये, चिठ्ठ्या दुसऱ्याने लावायच्या. नर-मादी वेगळे मोजायचे, फाइव्ह-एक्स-एफएडी सारख्या, मेंदूत अमायलॉइड साठेल अशा मुद्दाम बनवलेल्या जातीत माद्यांमधे अमायलॉइड जास्त असतं. किती उंदीर लागतील ते आधी ठरवायचं आणि एथिक्स कमिटीला दिलेला आकडा नंतर गुपचूप वाढवायचा नाही.

आता रक्ताच्या चाचण्यांचं युग आलंय. मे २०२५ मधे अमेरिकेच्या एफडीएने पी-टाऊ२१७ वर, म्हणजे रक्तात सापडणाऱ्या टाऊ प्रथिनाच्या एका रूपावर, आधारलेल्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली, पंचावन्नच्या पुढच्या, लक्षणं असलेल्या लोकांसाठी. पोरांना त्याचं फार आकर्षण, आणि असायलाही पाहिजे. पण आपल्याकडं मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत मोटरसायकलवर रक्त आणायचं म्हणजे काय ते शिकवा. ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळी, बर्फाचा डबा, लवकरात लवकर सेंट्रिफ्यूज, पॉलिप्रॉपिलीनच्याच कुप्या कारण अमायलॉइड दुसऱ्या प्लास्टिकला चिकटतं, आणि उणे ८० ला गोठवणं. प्रत्येक नमुन्यावर तीन वेळा लिहायच्या: काढलं कधी, फिरवलं कधी, गोठवलं कधी. फ्रीजरला वही बांधून ठेवा, लाइट गेली किती वाजता, जनरेटर लागला किती वाजता, तापमान कितीपर्यंत चढलं. एकदा एका सुट्टीत लाइट गेली आणि कुणी नोंद केली नाही, आम्ही एक पूर्ण रॅक फेकून दिला, ठेवला असता तर कुणालाही कळलं नसतं. आणि किडनी अधू असेल तरी पी-टाऊ वाढलेलं दिसतं, त्यामुळं क्रिएटिनिन मोजल्याशिवाय आकड्यावर बोलायचं नाही, गावात मधुमेहाने किडनी गेलेली माणसं कमी नाहीत.

मोठ्यांच्या चुका लपवू नका

२००६ मधे नेचरमधे एक पेपर आला, एका विशिष्ट अमायलॉइड-गुच्छामुळं उंदरांची स्मृती जाते असा, हजारोंनी त्याचा दाखला दिला. २०२२ मधे त्यातल्या चित्रांवर जाहीर प्रश्न उठले, २०२४ मधे पेपर मागे घेतला गेला. हा पेपर पोरांसमोर ठेवा, चित्रं मोठी करून दाखवा. पण तिथंच सोडू नका, नाहीतर पोरगं म्हणेल मग अमायलॉइडच खोटं. त्याच बैठकीत लेकॅनेमॅब या अमायलॉइड काढणाऱ्या औषधाची चाचणी वाचा, १,७९५ माणसं, १८ महिने, अमायलॉइड उतरलं आणि घसरण मंदावली, १८ मार्कांच्या मोजमापावर ०.४५ चा फरक, सोबत काहींना मेंदूत सूज आणि बारीक रक्तस्राव. हा फरक आजीच्या घरच्यांना जाणवेल का? वाद घालू द्या, तास-दीड तास गेला तरी चालेल.

आणि आपल्या लॅबमधे नियम: प्रत्येक ब्लॉटचं (प्रथिनांच्या पट्ट्या दाखवणाऱ्या चाचणीचं) मूळ, न कापलेलं चित्र विभागाच्या डिस्कवर त्याच दिवशी. गाइडचंसुद्धा.

शनिवारची बैठक

आमची शनिवारी सकाळी असते, चहा मी आणते. पहिला प्रश्न एकच, या आठवड्यात काय फसलं, आणि पहिलं उत्तर मी देते, माझा कुठला प्रस्ताव नाकारला गेला, कुठला हिशेब चुकला. मग बाकीचे बोलतात. पेपर इंग्रजीत वाचायचा आणि मराठीत समजावून सांगायचा, तिथं कळतं कुणाला खरंच समजलंय. २०२५ च्या जानेवारीपासून वन नेशन वन सब्स्क्रिप्शनमुळं सरकारी विद्यापीठांतून मोठी जर्नल्स उघडतात, बऱ्याच पोरांना माहीतच नसतं, लायब्ररीत घेऊन जा आणि लॉगिन करून द्या.

पैसे देऊन चार दिवसांत छापणाऱ्या जर्नलपासून वाचवा. २०२२ च्या यूजीसीच्या नियमांत पीएचडीसाठी पेपरची सक्ती राहिली नाही, २०२५ मधे मान्य जर्नलची त्यांची केअर यादीही बंद झाली, म्हणजे चांगलं-वाईट ठरवायची जबाबदारी आता सरळ आपल्यावर आहे. वर्षाला दोन फुटकळ पेपरपेक्षा तीन वर्षांत एक नीट. लेखकांची नावं आणि क्रम काम सुरू होतानाच कागदावर लिहा, मदत न केलेल्या कुणाचंही नाव घालू नका, मग ते कितीही मोठे साहेब असोत.

पैशाबद्दल बोला, लाजू नका. जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलोशिपला) २०२३ पासून महिना ३७ हजार आहेत, बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिप आहेत, पण हातात पडायला कधी कधी महिनोन्‌महिने जातात आणि तेवढ्यात पोराचं खोलीभाडं थकतं, बाप कर्ज काढतो. महिन्यातून एकदा स्वतः विचारा, मेसचं भागतंय का. फॉर्मवरच्या सहीसाठी पोराला चकरा मारायला लावू नका. आणि तिसऱ्या वर्षी मुलींच्या घरून लग्नाचा रेटा येतो, येतोच. मी दोन घरी गेलेय, आईवडिलांसोबत बसून, काम काय आहे, किती राहिलंय, कधी संपेल हे साध्या भाषेत सांगितलंय. एका घरी ऐकलं. दुसऱ्या घरी नाही ऐकलं, पण ती पोरगी लग्नानंतर दीड वर्षाने परत आली, आणि मी जागा ठेवली होती.

बाहेर पाठवा

आपल्याकडं जे नाही ते मिळेल तिथं पोराला दोन-तीन महिने पाठवा. बंगळुरूच्या आयआयएससीतलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरात खेड्यातल्या माणसांचा वर्षानुवर्षांचा अभ्यास करतंय, ते आपल्या पोरांनी बघायलाच हवं. तिथल्याच निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेत मेंदूची बँक आहे. पुण्यात आयसर, एनसीसीएस या संशोधन संस्था आहेत. पैसे नसतील तर डेटा आहे, लासी आणि लासी-डॅडचा, अमेरिकेच्या एडीएनआय या अल्झायमरवरच्या मोठ्या अभ्यासाचा, अर्ज करून मिळतो आणि लॅपटॉप पुरतो. पुढं जायचं असेल तर ग्लोबल ब्रेन हेल्थ इन्स्टिट्यूटची फेलोशिप, डब्लिन आणि सॅन फ्रान्सिस्को, तिला डॉक्टर, समाजसेवक, कलाकार कुणीही अर्ज करतं. शिफारसपत्र स्वतः लिहा, पोराला "लिहून आण, सही करते" म्हणू नका. तिकडं गेल्यावर तो परत येणार नाही या भीतीने अडवूनही ठेवू नका.

गावाला उत्तर द्यायचं राहिलंय

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अंगठा घेताना बाहेरचा साक्षर साक्षीदार हवा, आणि माणसाला स्वतः समजत नसेल तर जबाबदार नातेवाइकाची संमती, हे सगळं आपण करतो. त्याच्या पुढचं राहतं. चाचणीत कुणी अडकलेलं आढळलं तर त्याला कुठल्या डॉक्टरकडं, कुठल्या वारी, कुणासोबत पाठवायचं हे फील्डवर्क सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असू द्या. प्रबंध जमा करायच्या आधी पोराने गावात परत जायचं, देवळासमोर किंवा शाळेत लोकांना बोलवायचं आणि काय कळलं ते सांगायचं, कुणाचं नाव न घेता. "आम्ही कशाला विसरतो ते कळलं का गं?" असं तिथं विचारतात. पोराला उत्तर देता यायला हवं, जेवढं कळलं तेवढंच.

आणि माहितीपत्रकावर घरच्यांना दिलेला जो फोन नंबर असतो ना, तो बहुतेक वेळा विद्यार्थ्याचाच असतो. पोरगं पोस्टडॉकला बंगळुरूला गेलं तरी सुना त्याच नंबरवर फोन करत राहतात, आत्या रात्री उठून जातात काय करू म्हणून. म्हणून शेवटच्या महिन्यात विभागाचा नंबर छापलेली नवी चिठ्ठी करा, पुढच्या विद्यार्थ्याला सोबत घ्या, आणि दोघांना घरोघरी पाठवून ती भिंतीवर, कॅलेंडरशेजारी लावून या.